टकल्याचा डाव

"एक्का हातात असताना दुर्री टाकलीस?" घड्याळजीने कपाळाला हात लावला. "ताई, अशी खेळलीस तर अंगावरचे कपडेसुद्धा हरशील!"

"हरले तर नवे शिवीन. पुन्हा वाट."

दुकानाच्या काउंटरवर, पोटं उघडी पडलेल्या घड्याळांच्या शेजारी, भावाबहिणीचा डाव मांडला होता. खेळ दोघांचा, हुकमाचा. मोठं पान टाकील त्याचा हात, हुकमाने कापलं तर कापणाऱ्याचा, आणि जास्त हात करील त्याची बाजी. लहानपणी दोघं तो फुकट खेळत. आता तोच फोनवर पैसे लावून खेळता येत होता, आणि घड्याळजी त्यात पडला होता.

करणार काय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग लावलं तरी चाकांचे दात धुरकट दिसत. फोनवरची पानं दिसत, कारण ती ताईनेच मोठी करून दिली होती. खेळणाऱ्यांची नावं मात्र कोपऱ्यात मुंगीएवढीच राहिली. ऑपरेशन झालं नाही तर दुकानाला कुलूप लागणार, एवढं कळायला डोळ्यांची गरज नव्हती.

ताईने पैसे पुढे केले होते. त्याने ते पाकिटासकट परत केले.

"लोकांच्या पँटी तोकड्या करून जमवलेस. ते माझ्या डोळ्यांत घालू नकोस. मी माझं बघीन."

"बघशील कशाने?" ताई म्हणाली होती आणि पाकीट उचलून निघून गेली होती. आठवड्याने आली ती पत्त्यांचा नवा कोरा जोड घेऊन. लहानपणी नुसती पानं टाकायचो, आता नीट खेळायला मलाही शिकव, म्हणाली.

या वयात हे काय खूळ, असं त्याला वाटलं. पण ताईच्या डोक्यात एकदा शिरलं की ब्रह्मदेवही काढू शकत नाही. ती पानं वाटू लागली की मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोरून पुढे-मागे होई. त्याने आयुष्यात दुरुस्त केलेलं ते पहिलं. त्याचा मिनिटकाटा मोडला होता, तेव्हा या पठ्ठ्याने तिच्याच डब्यातली सुई तोडून बसवली होती, नेढ्यासकट. पुढे त्याने कितीदा म्हटलं, चांगला काटा बसवून देतो. ताई ऐकेल तर शपथ. "वेळ बरोबर दाखवतंय ना? मग?"

आणि काय शिकली ती! शेकडो गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवणारी बाई. गेलेली पानं तिला मोजावी लागतच नसत, ती आठवतच. समोरच्याने पान टाकायला किती वेळ घेतला यावरून त्याच्या हातात काय उरलंय ते सांगे. महिन्याभरात तिने गुरूलाच घाम फोडला. घड्याळजीला हरल्याचं वाईट वाटायचं सोडून ऊर भरून येई. कात्रीऐवजी हिच्या हातात आयुष्यभर पत्ते असते तर हिने जग जिंकलं असतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

"आता फोनवर खेळ," त्याने एके दिवशी सांगितलं. "पण तिथलं नाव कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही. ओळखीच्यांनी एका टेबलावर बसायचं नसतं, नियम आहे तो."

"बरं बाबा."

"आणि फोटो मागतात. स्वतःचं तोंड लावू नकोस. काहीही लाव."

ताईने मान हलवली.

त्याच सुमारास घड्याळजीचंही नशीब उघडलं. फोनवरच्या खेळात त्याला एक गिऱ्हाईक लाभलं. नाव वाचता येत नव्हतं, आणि कुणाकडून वाचून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फोटोच्या जागी काहीतरी गोल, पांढरट, चकचकीत दिसे. तुकतुकीत टक्कलच. त्याने नाव ठेवलं टकल्या. दुपारी दुकानात सामसूम झाली की टकल्याचं बोलावणं येई आणि घड्याळजी बाह्या सरसावून बसे. टकल्या शेवटच्या हातापर्यंत चिवटपणे झुंजे, आणि नेमका तिथे नको ते पान टाकून बसे.

"इतका चांगला खेळतो, पण शेवटी माती खातो," घड्याळजी ताईला सांगे. "कीव येते गं."

"घेताना येत नाही ना कीव? मग झालं."

"तुझं कसं चाललंय?"

"इतरांशी जिंकते. ते सगळं एकापुढे घालवते."

"मग त्याच्याशी बसतेस कशाला?"

"भारी हट्टी आहे मेला. दुसरा इलाज नाही."

घड्याळजीला हे लागून राहिलं. आपणच तिला या नादाला लावलं आणि आता तिच्या घामाचे पैसे कुणी उपटसुंभ लाटतोय! त्याने मनाशी ठरवलं, डोळे सुधारले की त्या हट्ट्याला गाठायचं.

पैसे जमले. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिली तेव्हा तो थेट दुकानात गेला. चाकाचा दात न् दात दिसत होता. त्याने पहिलं घड्याळ चालू केलं आणि ते कानाशी धरून बसून राहिला. ताई दारात उभी राहून पाहत होती. तिने पदराने डोळे पुसले.

"रडतेस काय? ये, बस. स्वतःच्या कमाईचे डोळे आहेत हे!" घड्याळजी छाती काढून म्हणाला. "आता तुझी पाळी. माझा टकल्या मी तुला देऊन टाकतो. तुझं गेलेलं सगळं वसूल होईल. थांब, त्याचं नाव वाचून सांगतो."

"राहू दे रे." ताईने घाईघाईने फोनवर हात ठेवला. "नव्या डोळ्यांना ताण कशाला?"

"डोळे आणलेत कशाला मग?"

त्याने तिचा हात हळूच बाजूला सारला आणि कोपऱ्यातलं ते गोल चित्र मोठं केलं. टक्कल नव्हतंच ते. पांढरी तबकडी होती, आणि तिच्यावरच्या मिनिटकाट्याला नेढं होतं.