रात्रीचे रकाने

प्रिंटरमधून पान बाहेर आलं तेव्हा त्यावरचा दिवस संध्याकाळी सहालाच संपला होता.

"रात्र कुठे गेली?" तिने विचारलं.

"मावली नाही पानात," नवरा म्हणाला.

तिचा प्रबंध उद्या जमा करायचा होता आणि बाइंडर आज संध्याकाळपर्यंतच पानं घेणार होता. लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांच्या दिवसावरचा प्रबंध. प्रत्येक बाईची एक ओळ, प्रत्येक तासाचा एक रकाना. सहा वर्षं ती या बायकांच्या मागे हिंडली होती. बाकीची प्रकरणं कुणीही लिहिली असती. हा तक्ता मात्र तिचा होता. साठीला आलेल्या बाईने आता पदवी घेऊन काय दिवे लावायचेत, असं घरात सगळ्यांचं म्हणून झालं होतं. नवरा तेवढा म्हणाला नव्हता. उलट तक्ते जुळवायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि आता त्याच्या नाकी नऊ आले होते.

पान आडवं करून झालं. समास कमी करून झाले. अक्षर इतकं बारीक करून पाहिलं की तक्त्याला मुंग्या लागल्यासारख्या दिसायला लागल्या.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "रात्री बारा ते चार काढूनच टाकू. सगळ्या झोपलेल्याच असणार. खाली एक टीप देऊ."

"तुम्ही वाचलेत का ते रकाने?"

"मी जुळवतोय गं. वाचायला वेळ कुठाय?"

तिने प्रिंटरमधलं पान उचलून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

"आपल्या वेळी बरं होतं," तो म्हणाला.

आपल्या वेळी म्हणजे त्याच्या प्रबंधाच्या वेळी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकच खोली, भाड्याने आणलेला टाइपरायटर, आणि टाइप करायला ती. लांबलचक तक्ता आला की दोन कागद जमिनीवर पालथे घालायचे, मागून पट्टी चिकटवायची, वर पातेली ठेवायची आणि गोंद वाळेपर्यंत दोघांनी भिंतीला टेकून बसायचं, कारण चालायला जागाच उरत नसे. तिथे बसून काय काय बोलायचे दोघं! त्याला ते सगळं लख्ख आठवलं. त्या खोलीत परत जायला मिळणार असतं तर तो आत्ता, आहे तसा, उठून गेला असता.

"आणि एवढं करून तक्ते उलटे बांधले," ती म्हणाली.

"ते बाइंडरने!"

"बाइंडरवर कशाला ढकलताय? पानं तुम्ही लावून दिली होतीत."

खरंच होतं ते. आडव्या तक्त्याचं डोकं बांधणीच्या शिवणीकडे हवं. याने अख्ख्या प्रबंधात ते बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं. तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक दर तक्त्याला तो जाडजूड ठोकळा गोल फिरवत होते, नव्याने गाडी शिकत असल्यासारखे. शेवटी म्हणाले होते, "निष्कर्ष पटले तुमचे, पण हात भरून आले हो माझे."

दोघंही हसत सुटली. तिच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

हसू ओसरल्यावर त्याने चष्मा पुन्हा चढवला. "घडीचं पान करू या. दुप्पट मोठ्या कागदावर छापायचं आणि आत दुमडायचं. बाइंडर कुरकुर करेल, करू दे."

"रात्रीसकट?"

"रात्रीसकट."

मोठा कागद कोपऱ्यावरच्या दुकानात छापून मिळायचा. तिकडे जाण्याआधी त्याने तक्ता पडद्यावर पसरला आणि एकेक रकाना तपासायला घेतला. आता सगळा मावला होता. बारा वाजता एकीचा नवरा कामावरून येत होता, ती जेवण गरम करत होती. एक वाजता दुसरीच्या मुलाला खोकला होता. दोन वाजता तिसरी पाणी भरायला उठली होती. भराभर खाली उतरणारं त्याचं बोट हळू हळू चालू लागलं.

"अगं, हिचा तीनचा रकाना रिकामा राहिलाय." तिच्या मार्गदर्शक बाईंची सक्त ताकीद होती, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, काही नसेल तर रेघ मारा. "रेघ मारू, का झोप लिहू?"

"झोपलेली नसते ती."

"मग काय करते?"

"मीही हेच विचारलं होतं. म्हणाली, काही नाही हो. सगळे झोपलेले असतात, मी नुसती बसते. तेवढाच वेळ माझा."

त्याने बोट उचललं. रकाना तसाच रिकामा ठेवून तक्ता साठवला. ती पानांचा गठ्ठा सारखा करत होती. तिच्याकडे बघत त्याने विचारलं, "तुझा होता का गं असा वेळ? तेव्हा, त्या खोलीत?"

"होता की."

"कधी?"

"तुम्ही लायब्ररीत गेलात की. टाइपरायटरवर कापड टाकायचे आणि खिडकीशी बसायचे. मग कामाला लागायचे."

त्याला भिंती आठवल्या, पातेली आठवली, गोंदाचा वाससुद्धा आठवला.

"त्या खोलीला खिडकी होती?" त्याने विचारलं.