एकही चेपला नाही

मावशीनं क्रेटमधला टोमॅटो उचलला, अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग बाजूनं थेट तळापर्यंत हात घातला.

"वर चांगले आणि खाली सडके ठेवायला मी काय भामटा आहे?" ड्रायव्हर भडकला.

"खालचेपण कडक आहेत," मावशी म्हणाली. तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं.

ड्रायव्हरला त्यात काही नवल वाटलं नाही. तपासणाऱ्यांचं असंच असतं. चूक सापडली नाही की पोटात दुखतं.

ती तपासायलाच आली होती, याबद्दल त्याला शंका नव्हती. सकाळी ही अनोळखी बाई दुधाच्या टेम्पोतून शेताजवळ उतरली, माल भरताना डोळे फाडून बघत राहिली आणि गाडी निघायच्या वेळी म्हणाली, "मला बाजारापर्यंत सोडशील का?" आता टोमॅटोच्या गाडीतून हौसेनं कोण जातं? मालकानंच माणूस पाठवला होता.

आणि मालकाचंही चूक नव्हतं. या ड्रायव्हरला सगळे आदळ्या म्हणायचे. त्याच्या गाडीत टोमॅटो चढायचे आणि बाजारात रस उतरायचा. शेवटी मालकानं सांगून टाकलं, "यापुढे एकदा जरी माल चेपला, तर चावी ठेवायची आणि चालायला लागायचं." घरी बायको म्हणाली, "नोकरी गेली तर माझ्या माहेरी नाही यायचं. तुझ्या आईकडं राहायचं." हे जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून आदळ्या सुधारला.

मावशी केबिनमध्ये बसली आणि लगेच सुरू झाली. "काय रे, क्रेट काठोकाठ का नाही भरत?"

"वरचा क्रेट टेकला की खालचे टोमॅटो मेले. म्हणून चार बोटं जागा सोडतो."

"आणि तळाशी तो पेंढा कशाला घातलास?"

"दणके बसत नाहीत."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"भीतीनं."

मावशी खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "आधी तर डोंगर करून भरायचास."

आदळ्यानं गर्रकन मान वळवली. हिला आधीचंही ठाऊक! मालकानं खडान् खडा माहिती देऊन पाठवलेलं दिसतंय.

"खरं सांगा मावशी. मालकानं पाठवलंय ना?"

"मला कोण पाठवतंय? पोट पाठवतं."

म्हणजे पगारी माणूस. आदळ्यानं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

पुढं रस्त्याची पार चाळण झाली होती. आदळ्यानं पहिला गिअर टाकला आणि झोपलेल्या पोराला ओलांडावं तशी गाडी एकेका खड्ड्यातून काढायला लागला. मागचे हॉर्न बडवत होते. एक सायकलवाला पुढं गेला आणि जाताजाता म्हणाला, "ढकलू का?"

"हाण की जरा," मावशी म्हणाली.

आदळ्या गालातल्या गालात हसला. सापळा! "नाही मावशी. तसला मी राहिलो नाही."

"थोडंसं तरी? कुणाला कळतंय?"

"कुणाला कळो न कळो. टोमॅटोला कळतं."

मावशीनं कपाळावर हात मारला. एवढी चिकाटीची बाई त्यानं पाहिली नव्हती. लाच घेतो का बघायला माणसं पाठवतात हे त्यानं ऐकलं होतं. गाडी आदळतो का बघायला कुणी एवढं गळ्यात पडतं, हे आजच कळलं.

ऊन चढलं तशी त्यानं गाडी झाडाखाली घेतली. ताडपत्री एका बाजूनं उचलून वारा जाऊ दिला, वरून पाणी मारलं.

"हे आणि कशाला?"

"माल गार राहतो. उकडला की मऊ पडतो, मग जरा धक्का लागला तरी फुटतो."

"सगळंच शिकलास रे मेल्या!"

आदळ्याची छाती फुगली. शाबासकी ती शाबासकी, शिवीतून का होईना.

बाजारात गाळ्यासमोर गाडी लागली. हमालानं सवयीनं पहिला क्रेट वरूनच सोडला. आदळ्यानं तो झेलला आणि खेकसला, "दगड आहेत का? तुझ्या पोराला असाच फेकतोस?"

"अरे बापरे, आदळ्या शिकवायला लागला!" हमाल हसला. मग मावशीकडं बघून म्हणाला, "काय मावशी, आज पुढच्या गेटानं?"

मावशी उत्तर न देता सगळ्यात खालच्या क्रेटवर वाकली होती. गाळेवालाही आला. त्यानं एकेक क्रेट तळापर्यंत हात घालून बघितला. ना पाणी सुटलेलं, ना माशी बसलेली.

"एकही चेपला नाही!" गाळेवाला ओरडला. "आजपण नाही! आदळ्या, तुझं बारसं परत करावं लागणार."

हमालांनी टाळ्या वाजवल्या. आदळ्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं उगाच चावी बोटावर फिरवली. मग मावशीकडं आला. ती एका खांबाला टेकून उभी होती.

"बघितलंत ना स्वतःच्या डोळ्यांनी? आता मालकाला जाऊन सांगा, आदळ्याला काढायचं कारण उरलं नाही."

"कुठल्या मालकाला?"

"पुरे की आता नाटक! तपासायलाच आला होतात ना?"

"तपासायलाच आले होते. एवढे दिवस माल का बिघडत नाही, ते." मावशीनं डोळ्यांना पदर लावला. "मी बाजाराच्या मागच्या गेटावरची सॉसवाली. तुझ्या गाडीतले चेपलेले टोमॅटो उचलून, आटवून, विकून आमच्या घरातली सहा तोंडं जेवत होती."