भवानीचं गिऱ्हाईक

"भवानीच्या गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही," सकाळी डबा हातात देताना आईनं हेमांगीला दोनदा बजावलं होतं. म्हणून आठवडी बाजारात आयुष्यात पहिल्यांदा मांडलेल्या टेबलापुढे लुगड्यातली एक बाई येऊन थांबली, तेव्हा हेमांगी तोंडभर हसली.

बाईनं हेमांगीनं स्वतः गुंडाळलेल्या रेशमी धाग्याच्या हिरव्या बांगड्या उचलल्या. "लेकीसाठी हव्यात. देवाघरी गेली, तेव्हा हात ओकेबोके होते गं तिचे. माप अगदी तुझंच. जरा घालून दाखवतेस?"

हेमांगीच्या अंगावर काटा आला. पण भवानीचं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणायचं? तिनं बांगड्या चढवल्या. बाई कितीतरी वेळ तिच्या मनगटांकडे बघत राहिली. मग पैसे ठेवून म्हणाली, "असू देत. आता काढायच्या नाहीत."

नोटा कपाळाला लावून हेमांगी बांगड्या काढू लागली. घरी हातातून सहज निसटणाऱ्या बांगड्या आता कातडीत रुतल्या होत्या. घाबरून तिनं घरी फोन लावला.

"आई, भवानी झाली, पण..."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी हेमांगी!"

"राँग नंबर लागलाय, ताई. इथं कुणी हेमांगी नाही." आवाज आईचाच होता.

"आवर गं, ऊन चढलं," अजून टेबलाशीच उभी असलेली ती बाई मायेनं म्हणाली.

"आले, आई," हेमांगीच्या तोंडून निघून गेलं.