मागची सीट

"सीट तेवढी बदलायची नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीत ओरिजनल बघतात," पृथ्वीराज इनामदार म्हणाला. जुन्या प्लायमाउथच्या मागच्या सीटवर तो दोन्ही हात पसरून ऐसपैस बसला होता. गॉगल काढून त्यानं शेजारी ठेवला होता. पत्र्याच्या शेडमधली गाडी विकत घ्यायला आलाय की घरच्या दिवाणखान्यात बसलाय, कळत नव्हतं.

चाळिशीला आलेल्या प्रसेनजीत कांबळेचं गाडी विकायचं जवळजवळ ठरलं होतं. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा खर्च गॅरेजवाल्यानं सांगितला, तेव्हा त्याला घामच फुटला होता. वीज मंडळातल्या पगारात असले शौक बसत नाहीत. शिवाय गाडी मूळची इनामदारांचीच. त्याचे वडील गणपतराव त्यांच्याकडे ड्रायव्हर होते. प्रसेनजीत जन्मला त्या साली, चौसष्टला, पृथ्वीराजच्या आजोबांनी, म्हणजे आबासाहेबांनी, खूश होऊन ती देऊन टाकली. ही गोष्ट गणपतराव मरेपर्यंत हसतहसत सांगायचे. याच गाडीवर लग्नाची भाडी मारून त्यांनी पोरं शिकवली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून सगळ्यात पुढं हीच असायची. आता देणाऱ्याचाच नातू मागायला आला होता. त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्याची आई तानूबाई शेडच्या दाराशी तांदूळ निवडत होती. विकू का, असं त्यानं सकाळपासून कितीदा तरी विचारलं होतं. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही.

"गाडीपुढं मोठा बोर्ड लावणार आहे," पृथ्वीराज रंगात आला. "त्या काळात आमच्या आजोबांनी तुमच्या समाजातल्या माणसाला गाडी दान दिली. कोण देत होतं हो तेव्हा? आमचं घराणं पहिल्यापासूनच पुरोगामी. पेपरवाले येणार आहेत. आमच्या गणपाचा एखादा फोटो असला तर द्या."

प्रसेनजीतचं डोकं तडकलं. सारं गडमुडशिंगी गाव ज्याला गणपतराव म्हणत होतं, त्याला हा नातवाच्या वयाचा पोरगा गणपा म्हणत होता, आणि तेही त्याच्याच दारात बसून. पण बोलायचं काय? दान तर दिलंच होतं. त्यानं राग गिळला.

तानूबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"दान न्हवं ते, पावणं," ती म्हणाली. मग लेकाकडं बोट केलं. "ह्यो पोटात हुता. मला कळा लागल्या, आन् बैलगाडी मिळंना. मालकास्नी न इचारता ह्याच्या बानं मला ह्या गाडीत घातलं. दवाखाना गाठायच्या आत, वाटंतच मोकळी झाले. तुम्ही बसलायसा न्हवं, तितंच."

प्रसेनजीतनं मागच्या सीटकडं पाहिलं.

"ह्यांनी सीट घासूनघासून धुतली. तुमच्या आज्जीनं वरनं गोमूत्र शिंपडलं. तरी मन घेईना त्यांचं. महारीण बाळंत झाली, गाडी बाटली म्हणाल्या. तुमच्या घरातलं एक माणूस परत तिच्यात बसलं न्हाय. इकायला काढली, तर कळल्यावर गिऱ्हाईक फिरकंना. मग आबासाहेब म्हणाले, गणपा, घिऊन जा तुझी घाण." तिचा आवाज जराही चढला नाही. "पोराला ह्यातलं कायबी कळू द्यायचं न्हाय म्हणाले हे. जन्मल्या जन्मल्या तुला घाण म्हणलं, असं लेकराला कोण सांगंल? म्हणून खुशीची गोष्ट रचली."

ती हसतहसत सांगितलेली गोष्ट प्रसेनजीतला आठवली. वडिलांनी इतकी वर्षं ते हसू कुठून आणलं असेल, या विचारानं त्याच्या अंगाची लाही झाली. डोळेही भरले, पण इनामदारासमोर त्यानं ते पुसले नाहीत.

पृथ्वीराज एव्हाना गाडीतून उतरून बाहेर उभा होता. "जुन्या लोकांचं काय घेऊन बसलाय, मावशी? ते गेलं त्यांच्याबरोबर. आता असलं कोण मानतंय? आमच्या घरात तर अजिबात नाही. आपण व्यवहाराचं बोलू."

त्याचा गॉगल मागच्या सीटवरच राहिला होता. प्रसेनजीतनं वाकून तो उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"गाडी इकायची न्हाय. कर्ज काढीन, पण तिला नीट करीन," तो म्हणाला. "आन् तुम्ही मानत न्हाईसा, तर मग आई बोलत असताना भायेर यून पँट कशाला झटकत हुतासा?"