अनोळखी कप्पा

सासरे श्रीखंड आणायला बाहेर पडले आणि निरंजनचे हात शिवशिवू लागले. स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम तो दिसेल त्या कॉम्प्युटरवर बसवायचा. ती फक्त घड्याळ दाखवायची, तेही पाच मिनिटं मागे.

सासऱ्यांच्या हार्ड डिस्कवर एक कप्पा ‘अनोळखी’ निघाला. निरंजनच्या सिस्टीमला कुठल्या कॉम्प्युटरनं अनोळखी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. हा कप्पा मात्र त्यानं रिकामा समजून बेधडक पुसला आणि तिथे आपलं घड्याळ बसवलं.

दोनच मिनिटांत सासरे श्रीखंडाचा डबा घेऊन परतले आणि पडद्यासमोर थबकले.

“तिथे माझी सिस्टीम होती,” ते म्हणाले. “रिटायर झाल्यापासून लिहीत होतो. घरात कुणाला त्यातलं कळत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं, जावईबापू.”

पडद्यावरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. तीच वेळ खरी असती तर किती बरं झालं असतं, असं निरंजनला मनापासून वाटलं.