रुळली

यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला लागल्यापासून सुनेच्या कानांत सारखी शिट्टी वाजायची आणि संध्याकाळी डोकं असं ठणकायचं, की घास गिळवत नसे. ती रडकुंडीला आली तेव्हा सोबतच्या बायका हसल्या. "अगं, आम्हा सगळ्यांनाच झालंय हे. रुळशील!" मुकादमाने मात्र सरळ दम भरला, "सोसत नसेल तर घरी बस. इथे धडधाकट माणसं लागतात." नवराही त्याच कारखान्यात मुरलेला. नेहमीसारखा ओरडूनच तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मला कुठे काय झालंय?"

नोकरी जाईल या धास्तीने तिने कळ सोसून दिवस काढले. आणि खरंच, हळूहळू मागांचा खडखडाट बोचेनासा झाला, डोकं ठणकायचंही थांबलं. मुकादमाने तिला कायम केलं. "बघा, कशी ठणठणीत झाली!" असं तो चारचौघांत म्हणाला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

सुट्टीच्या दुपारी नवराबायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पाठीमागे पाळण्यात बाळाला निजवलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. तेवढ्यात शेजारी गेलेल्या सासूबाई धापा टाकत आत शिरल्या, दोघांना बाजूला सारून पाळण्याकडे धावल्या आणि लालबुंद झालेल्या बाळाला त्यांनी छातीशी धरलं.



"अरे, पलीकडच्या गल्लीत ऐकू येतंय याचं रडणं," त्या कळवळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं इथेच बसलाय!"