ओव्हनमधला ब्लॉक

जाड हातमोजे चढवून ती ओव्हनसमोर उभी होती आणि आत नवऱ्याची मोटारसायकल भाजली जात होती. अख्खी नाही, तेवढी अक्कल घरात शिल्लक होती. फक्त इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोटात पिस्टन वरखाली होतो तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. ओट्यावर केकचं पीठ भांड्यात ओतून तयार होतं. संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस होता, गिऱ्हाईक जुनं होतं, आणि व्हॅनिलाचा वास जळक्या ऑइलला कधीच शरण गेला होता.

"ब्लॉक तापला की फुगतो," नवरा मोबाईलकडे बघून म्हणाला. मोबाईल मित्राच्या हातात होता, व्हिडिओ चालू होता. "आणि ही नवी, मोठी स्लीव्ह फ्रीजरमध्ये आकसते. गरम ब्लॉकमध्ये गार स्लीव्ह सोडायची. एका दमात. मग हत्तीने ओढली तरी निघणार नाही. इंजिन मोठं झालंच म्हणून समजा."

तो विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे अर्ज नाकारायचा. मित्र त्याला उस्ताद म्हणत. मित्र म्हणजे हा एकच.

स्लीव्ह म्हणजे एक लोखंडी नळकांडं, वरच्या टोकाला बाहेर आलेला काठ असलेलं. हा काठ ब्लॉकच्या वरच्या तोंडावर बसायला हवा, खालच्या नव्हे, हे बायकोला आठवडाभर जेवताना, दात घासताना आणि एकदा तर गाढ झोपेतून उठवून समजावण्यात आलं होतं. आज ती स्लीव्ह बसली की उस्ताद सोमवारी राजीनामा देणार होता. घरच्या घरी इंजिनं वाढवून द्यायचा धंदा. घर म्हणजे हे स्वयंपाकघर. ओव्हन त्याचा, फ्रीजर त्याचा, ओटा त्याचा.

"आणि माझे केक?" तिने विचारलं होतं.

"बाल्कनीत कर की. तुझं काय गं, पीठ कालवायचं आणि गप्प बसायचं."

मित्र भागीदार होणार होता. भांडवल म्हणून तो मोबाईल धरत होता. दुसऱ्या हाताने त्याने पान्यांच्या फळीसाठी भिंत मापूनही घेतली.

"वहिनी, हा मिक्सर इथून हलवावा लागेल हं."

"तुम्हीसुद्धा," ती म्हणाली. तो हसला. त्याला वाटलं, वहिनी विनोदी आहेत.

दारात सासूबाई उभ्या होत्या. मुलाचं काहीतरी होतंय, हे बघायला त्या कित्येक वर्षं अशाच उभ्या होत्या.

"आता गाडी जोरात पळेल का रे बाळा?"

"तुफान, आई."

"बरं झालं. ऑफिसला वेळेवर पोचशील."

"ऑफिस सोडतोय ना आई!"

"मग जोरात जाणार कुठे?"

आठवड्यातला हा पहिलाच शहाणा प्रश्न असल्यामुळे त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

उस्तादने फ्रीजरमधून, मटारांच्या पिशवीखालून, स्लीव्ह उपसली आणि दोन्ही हातांत धरून पुजाऱ्यासारखा चेहरा केला. "काढ!"

तिने ब्लॉक काढला आणि जाळीवर ठेवला. ठेवताना उलटा केला. या ओव्हनमधून बाहेर येणारी प्रत्येक गोष्ट ती जाळीवर उलटी करत आली होती. हातांनी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. खालचं तोंड वर होतं.

"अरे, थांब, हा ब्लॉक..."

"मधे बोलू नकोस!" तो खेकसला. नजर मोबाईलवर, हनुवटी जरा वर, कारण तशी ती बारीक दिसते. "गार होतोय तो. आणि यातलं तुला काय कळतं?"

ती मधे बोलली नाही.

उस्तादने स्लीव्ह सोडली. सर्रकन आत गेली, खट्‌ आवाज झाला, काठ तोंडावर चपखल बसला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मित्राने मोबाईल जवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि खाली घेतला.

"उस्ताद, हे खालचं तोंड आहे ना?"

उस्तादने वाकून पाहिलं. मग पलीकडून पाहिलं. पलीकडूनही ते खालचंच होतं. स्लीव्ह हलवून पाहिली. ती हत्तीची वाट बघत होती.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. आवाज अर्ज भरणाऱ्यांसारखा झाला होता. "आत्ताच्या आत्ता परत तापवला की सुटेल. गार पडला की मग फोडूनच काढावी लागेल. ओव्हन उघड. अगं, उघड ना!"

ती ओव्हनचं दार लावत होती. केक आत गेला होता.

"काढ तो!"

"आता दार उघडलं तर केक बसेल," ती म्हणाली आणि हातमोजे काढून ओट्यावर ठेवले, नीट, एकावर एक.

उस्तादने हातमोज्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. हातमोज्यांना हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही. जाळीवर ब्लॉक टिक्‌ टिक्‌ करत निवत होता.

"म्हणजे सोमवारी डबा लागेल ना रे बाळा?" सासूबाईंनी विचारलं.

 उस्तादची मान हलली, होकारार्थी.

मग तो ओव्हनसमोर उकिडवा बसला आणि काचेला नाक लावून आत पाहू लागला. आत केक सावकाश फुगत होता. मित्र थोडा वेळ चुळबुळला. मग त्याने पुन्हा मोबाईल उचलला आणि शेजारी येऊन बसला.

"उस्ताद, जरा सरक," तो म्हणाला. "केक दिसत नाहीये."